जुनं पाईन-देवदार लेथवर घेताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

लेथ (लाकूड गोल फिरवून टूलने आकार द्यायचं मशीन) घेतला की पहिलं लाकूड आपण सगळेच फुकटचं शोधतो. ठाणे-नवी मुंबईत फुकटचं म्हणजे पॅलेटचं (मालाखाली ठेवतात त्या लाकडी चौकटीचं) पाईन, नाहीतर पाडलेल्या घरातलं देवदार. दोन्ही सॉफ्टवूड आणि दोन्ही सागवानासारखं वागत नाहीत, म्हणून मग "दादा माझं फाटतंय", "दादा लाटा आल्या" असे तेच ते प्रश्न येत राहतात. एकदाच बसून सगळं लिहून टाकतोय.

सॉफ्टवूड म्हणजे मऊ लाकूड ना?

नाही, अगदी तसं नाही. सूचीपर्णी झाडांचं लाकूड म्हणजे सॉफ्टवूड, म्हणजे चीड, देवदार, स्प्रूस, फर वगैरे. बाल्सा इतका हलका की बोट टेकलं तरी खड्डा पडतो, पण वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने तो हार्डवूड. आपला पांगारासुद्धा मऊ, तरी हार्डवूडच.

लेथवाल्याला ह्यातली एकच गोष्ट कामाची आहे. ह्या लाकडाच्या प्रत्येक वर्षाच्या वलयात दोन पट्टे असतात, वाढीच्या सुरुवातीला तयार झालेला फिका मऊ पट्टा आणि नंतरचा गडद कडक पट्टा. पाईनचा तुकडा घ्या आणि दोन्हीवर नख दाबून बघा, फिक्यात नख जातं, गडदात जात नाही. पुढे जेवढे त्रास सांगणार आहे ते जवळपास सगळे ह्या एका गोष्टीतून निघतात.

मिळतं कुठे हे?

न्हावा-शेवाचं बंदर १९८९ ला सुरू झालं आणि तेव्हापासून उरण रोड, कळंबोली, तळोजा ह्या पट्ट्यात पॅकिंगच्या लाकडाला तोटा नाही. तुर्भे, महापे, रबाळे एमआयडीसीत बाहेरून मशिनरी येते ती मोठ्या खोक्यात येते, ठाण्यात वागळे इस्टेटलाही तेच. गेटवर जाऊन सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत घालू नका, बहुतेक ठिकाणी स्क्रॅपचं कॉन्ट्रॅक्ट कुठल्यातरी भंगारवाल्याकडे असतं, त्याला गाठा. त्याला सांगा की मला फक्त खालचे जाड गुटके आणि दोन-तीन इंची चौकोनी बार पाहिजेत, फळ्या तू ठेव. तो खूश, तुम्ही खूश.

जुन्या घरांचं वेगळं. नौपाडा, चेंदणी, खारकर आळी इकडे रिडेव्हलपमेंट चालूच आहे. तुळया-खांब बहुतेक सागवानी निघतात आणि ते लगेच विकले जातात, त्यात आपल्याला भाव मिळायचा नाही. पण आतली फडताळं, पार्टिशनच्या फळ्या, स्वस्तातले दरवाजे ह्यात देवदार किंवा पाईन असतं आणि त्याला फारसं कोणी विचारत नाही. एक लक्षात ठेवा, इकडे कुठल्याही फिक्या खोक्याच्या लाकडाला सरसकट देवदार म्हणतात. खरं देवदार जरा तांबूस-तपकिरी, तेलकट, आणि कापलं की असा वास सुटतो की अख्ख्या गाळ्याला कळतं. पाईनला टर्पेंटाईनसारखा वास येतो.

वाशी एपीएमसीतल्या हापूसच्या पेट्या चालतील का?

नाही. पट्ट्या फार पातळ असतात, त्या चिकटवून जाडी करेपर्यंत फेविकॉलचाच खर्च जास्त होईल. झाडं लावा त्यात.

पॅलेटवर शिक्का असतो त्याचा अर्थ काय?

हा बघितल्याशिवाय एकही तुकडा घरी आणू नका. कणसासारखं चित्र, शेजारी देशाचा दोन अक्षरी कोड, नंबर आणि खाली ट्रीटमेंट. एचटी असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे, किडे मारायला. एमबी असेल तर मिथाईल ब्रोमाईड वायूची धुरी दिलेली आहे, ते सरळ सोडून द्या, लेथवर त्याची धूळ करून नाकात घ्यायचं काही कारण नाही. डीबी म्हणजे फक्त साल काढलेलं. युरोपियन युनियनमध्ये मिथाईल ब्रोमाईड २०१० मध्येच बंद झालं, पण सगळा माल तिकडून येत नाही आणि जुनं पॅलेट कुठून कुठे फिरून आलंय कोणाला माहीत.

शिक्काच नसेल तर ते पॅलेट देशातल्या देशात वापरलेलं असू शकतं, त्यात वाईट काही नाही, पण त्यावर काय सांडलंय ते बघा. तेलाचे डाग, केमिकलचा वास, विचित्र हिरवट-निळा रंग दिसला तर नको. (निळसर-करड्या रेघा लाकडाच्या आतपर्यंत गेलेल्या असतील तर ती बुरशी असते, तिने ताकद फारशी कमी होत नाही, उलट दिसायला छान दिसतं.)

आणि अजून एक गैरसमज. एचटी म्हणजे वाळवलेलं लाकूड नव्हे. ती ट्रीटमेंट फक्त किडीसाठी आहे, आतला ओलावा तसाच राहू शकतो.

गुटक्यांमध्ये काही वेळा भुसा दाबून बनवलेले गुटके असतात, बिस्किटासारखे दिसतात. ते लेथवर घेऊ नका, टूलची धार दोन मिनिटांत जाते आणि तुकडा उडायची भीती.

खिळे काढायचं टेन्शन आहे, काही युक्ती?

पॅलेटचे खिळे पीळदार असतात, ते सरळ ओढून येत नाहीत. पकडीने ओढत बसण्यापेक्षा फळी आणि गुटका ह्यांच्या फटीत मेटलचं ब्लेड घालून खिळाच कापा, मग आत राहिलेला तुकडा मागून ठोकून बाहेर काढा किंवा तेवढा भाग कापून टाका. नंतर जुन्या स्पीकरचं मॅग्नेट दोऱ्याला बांधून सगळ्या बाजूंनी फिरवा. जिथे लाकूड काळंनिळं पडलंय तिथे गंज आहे म्हणजे लोखंड आहे, तिथे दोनदा बघा.

वखारवाले खिळ्याचं लाकूड बँडसॉवर घेत नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं, ब्लेड तुटलं तर त्यांचा अख्खा दिवस जातो. साफ करून न्या आणि आधी सांगून न्या.

फ्लॅटमध्ये लेथ चालवता येईल का?

अर्धा एचपीचा छोटा लेथ म्हणजे साधारण ३७० वॅट, मिक्सरपेक्षा कमी. एक एचपी असेल तर १६ अँपिअरच्या प्लगवर लावा आणि अर्थिंग तपासून घ्या. आवाज मोटारचा नसतो एवढा, थरथरीचा असतो, स्टँडखाली जाड रबर मॅट टाकली आणि खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येत नाहीत. रात्री १० नंतर नियमानेच शांतता पाळायची असते, त्यामुळे ऑफिसवरून येऊन लेथ लावायचा बेत करू नका. खरा प्रश्न धुळीचा आहे. बंद बाल्कनीत पाईनची बारीक धूळ घरभर जाते, घरात लहान मूल किंवा दम्याचं कोणी असेल तर सरळ रबाळे किंवा वागळे इस्टेटला कोणाच्या गाळ्यात कोपरा भाड्याने बघा.

माझं लाकूड कापलं जात नाही, फाटतं. सागवानावर हेच टूल मस्त चालतं. का?

कारण सागवान तुमची बोथट धार खपवून घेतं, पाईन घेत नाही. एवढंच उत्तर आहे खरं तर, पण थोडं सविस्तर सांगतो.

मऊ पट्ट्यातल्या पेशींच्या भिंती पातळ असतात. धार तीक्ष्ण असेल तर त्या कापल्या जातात, नसेल तर आधी दबतात, वाकतात, आणि मग मुळातून उपटल्या जातात. शेजारच्या कडक पट्ट्याला तेच टूल नीट कापतं. म्हणून वरून हात फिरवला की खरबरीत लागतं आणि जवळून बघितलं तर फिक्या पट्ट्यात केस उभे राहिल्यासारखं दिसतं. लोकांना वाटतं लाकूड खराब आहे. ते क्वचितच असतं.

करायचं काय, तर पहिलं म्हणजे धार. सागवानाच्या एका पायाला तुम्ही एकदा धार लावत असाल तर इथे फिनिशिंगच्या कटाआधी दरवेळी लावा, ग्राइंडरवरून काढून डायमंड कार्डवर (धार लावायची छोटी पट्टी) दोन हात मारा, मग लाकडाला लावा. स्क्यू (तिरक्या धारेची सपाट पटाशी) असेल तर दोन्ही बाजू मिळून कोन २५ ते ३० अंशांच्या मधे ठेवा. लोखंडाच्या शॉपमध्ये मिळणारा करडा दगड लावलेला ग्राइंडर असेल तर त्याचा दगड बदलून पांढरा ८० ग्रिटचा लावून घ्या, हायस्पीड स्टीलला तो बरा, कमी तापतो.

दुसरं, स्क्रेपर (खरवडून काढायचं टूल) विसरा. नवीन माणसाला स्क्रेपर सोपा वाटतो कारण अडकत नाही, पण ह्या लाकडावर तो खरवडतोच. गाऊज (पन्हाळीसारखी खोलगट पटाशी) किंवा स्क्यूने धार लाकडाच्या फिरण्याला तिरकी धरा, साधारण ४५ अंश, म्हणजे बटाटा सोलल्यासारखी लांब सलग ढलपी निघेल. भुसा पडत असेल तर तुम्ही खरवडताय, ढलपी पडत असेल तर कापताय. दुसरं काही बघायची गरज नाही, खाली जमिनीवर बघा.

तिसरं, बेव्हल (धारेमागचा तासलेला उतार) टेकवायचा, दाबायचा नाही. खूप जण टूल लाकडावर रेटतात. मऊ पट्टा त्या दाबाने खाली बसतो, टूल पुढे गेलं की परत वर येतो आणि तुम्हाला बारीक लाटा मिळतात. हात सैल ठेवा.

चौथं दिशा. लांबट कामात नेहमी जाडीकडून बारीककडे. वाडग्याचं काम असेल, म्हणजे लाकडाचे रेषे आडवे, तर बाहेरून बुडाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून मध्याकडे. उलट गेलात तर पाईन तुम्हाला लगेच सांगेल.

एवढं करूनही वाडग्याच्या दोन बाजूंना फाटलेलं राहतं, कारण प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा टूल रेष्यांच्या टोकांवर येतं. तिथे चपडा लाख स्पिरीटमध्ये पातळ करून ब्रशने पाजा, वाळू द्या, मग ताज्या धारेने अगदी हलका एकच कट घ्या. लाखेने पेशी जागच्या जागी धरल्या जातात. चपडा नसेल तर नुसतं पाणी फवारूनही फरक पडतो.

स्क्यू अडकतो, भीती वाटते. नाही वापरला तर?

वापराच, ह्या लाकडावर त्याच्यासारखं फिनिश दुसरं टूल देत नाही. लांब टोक वर ठेवायचं आणि धारेच्या खालच्या अर्ध्या भागाने कापायचं. वरचं टोक लाकडाला लागलं की अडकलंच. वाया गेलेल्या बारवर सराव करा, पॅलेटचं लाकूड त्यासाठीच देवाने दिलंय.

स्पीड किती ठेवू?

एक ठोकताळा आहे. इंचातला व्यास गुणिले आरपीएम हे ६००० ते ९००० च्या मधे आलं पाहिजे. दोन इंची दांडा असेल तर ३००० ते ४५००, सहा इंची वाडगा असेल तर १००० ते १५००. मऊ लाकडाला जरा जास्त स्पीड मानवतो, कट साफ येतो. पण हे गोल झाल्यावर आणि लाकूड धड असेल तर. चौकोनी तुकडा, चिकटवलेला ठोकळा, भेग असलेला जुना माल असेल तर सगळ्यात कमी स्पीडला सुरू करा आणि सुरू करताना समोर उभं राहू नका, बाजूला राहा.

चकमध्ये (लाकूड जबड्यांत पकडणारा लेथचा भाग) धरलं की जबडे लाकडात रुततात, सैल होतं.

होणारच. आत खड्डा करून चकचे जबडे बाहेरच्या बाजूला फाकवू नका, सॉफ्टवूड रेष्यांना आडवं लगेच चिरतं. बाहेरून खुंटी ठेवा आणि सागवानाला ठेवता त्यापेक्षा जाड ठेवा, जबडे गोल पूर्ण बसतील अशी. घट्ट करा, पाच मिनिटं चालवा, बंद करा, परत घट्ट करा. फेसप्लेट (लाकडाला स्क्रूने बसवायची लोखंडी चकती) लावत असाल तर स्क्रू लांब घ्या, आणि रेष्यांच्या टोकात स्क्रू जाणार असेल तर भोकात फेविक्विकचे दोन थेंब टाकून वाळू द्या, मग स्क्रू पिळा. फेविक्विकच्या वाफा डोळ्याला झोंबतात, गॉगल घाला.

दोन टोकांत धरताना चार दात्यांचा सेंटर (मोटारच्या बाजूने बार फिरवणारं टोक) हातोडीने ठोकू नका, बारीक बार मधोमध फुटतो. टेलस्टॉकपण (दुसऱ्या बाजूचा सरकता आधार) आवळत राहू नका. टोक आत आत जात राहतं, तुम्ही अजून आवळता, मग बार धनुष्यासारखा वाकतो आणि थरथरतो. मधे प्लायचा छोटा तुकडा घाला.

आणि हो, टँगवाला (मुठीत बारीक शेपूट जाणारा) रफिंग गाऊज, म्हणजे चौकोनी बार गोल करायचा गाऊज, वाडग्याला अजिबात वापरायचा नाही, लाकूड कुठलंही असो. तो मुळाशी तुटतो.

गाठ आली की?

गाठ आजूबाजूच्या लाकडापेक्षा खूप कडक असते, टूल उडी मारतं. हलका कट, टूलरेस्ट (टूल टेकवायची पट्टी) एकदम जवळ. गाठीभोवती काळी कडा असेल तर ती मेलेल्या फांदीची गाठ, ती सुटून बाहेर पडू शकते, आधी फेविक्विक पाजून घ्या.

राळेचा त्रास वेगळा. जुनं पाईन म्हणजे राळ वाळलेली असेल असं लोक धरून चालतात. वरवर असते. लेथवर लाकूड गरम झालं की आतली पाझरते, टूलवर चिकट थर बसतो आणि धार असूनही कापत नाही. टर्पेंटाईनच्या फडक्याने टूल पुसत राहा. भट्टीत ७० अंशांच्या वर तापवलेल्या लाकडातली राळ बऱ्यापैकी बसते, पण एचटीच्या ५६ ने बसतेच असं नाही. फिनिश करायच्या आधी गाठींवर चपड्याचे दोन हात द्या, नाहीतर उन्हाळ्यात पिवळे थेंब बाहेर येतात.

जुनं लाकूड आहे, मग आता ते हलणार नाही ना?

हलणार. चाळीस वर्षांचं असलं तरी हवेतला ओलावा ते घेतं आणि सोडतं. आपल्याकडे मे महिन्यात आणि जुलैत हवेत केवढा फरक पडतो ते पापड वाळवणाऱ्याला विचारा. वलयांच्या दिशेने लाकूड वलयांना आडव्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं-फुगतं, म्हणून गोल डबा अंडाकृती होतो. झाकणवाला डबा करायचा असेल तर पावसाळ्यात घट्ट झाकण करू नका, दिवाळीनंतर ते सैल होतं. आधी रफ करून जाड ठेवा, कपाटावर दोन-तीन आठवडे पडू द्या, मग फायनल करा. बारच्या मधोमध झाडाचा गाभा, म्हणजे तो छोटा ठिपका, दिसत असेल तर भेग जवळपास ठरलेलीच, असा बार मेणबत्तीच्या स्टँडला वापरून संपवा.

पॉलिश पेपर मारला की लाटा येतात. कुठला नंबर घेऊ?

नंबराने सुटणारी गोष्ट नाही ही. बोटाने पेपर धरला की बोट मऊ असतं, ते मऊ पट्ट्यात घुसतं आणि फिकं जास्त घासलं जातं, कडक तसंच राहतं. जितका जास्त पेपर माराल तितक्या लाटा वाढतील. हे लाकूड धारेने गुळगुळीत होतं, पेपरने नाही. ८० नंबरला हातच लावू नका, त्याचे ओरखडे फिक्यातून निघत नाहीत. कट चांगला असेल तर १५० पासून सुरू करा, पेपरच्या मागे कॉर्कचा किंवा लाकडाचा सपाट तुकडा धरा, स्पीड निम्मा करा आणि शेवटी लेथ बंद करून रेष्यांच्या दिशेने हाताने मारा. राळेने पेपर भरला की फेकून द्या, घासलेला पेपर लाकूड नुसतं तापवतो.

किंवा उलटं करा. लाटा येणारच तर मुद्दाम आणा. काम झाल्यावर लेथ बंद करून, ढलप्या सगळ्या झाडून, ब्लो टॉर्चने वरचा थर हलका जाळा आणि पितळी ब्रशने रेष्यांच्या दिशेने घासा. मऊ भाग जळून निघतो, कडक वलयं उठून दिसतात. मला स्वतःला पाईनचं हेच रूप सगळ्यात आवडतं, वॉलनटचा स्टेन मारून सागवानाची नक्कल करण्यापेक्षा कितीतरी बरं.

पण मला स्टेनच मारायचाय.

मारा. फक्त आधी पातळ चपडा एक हात. नाहीतर फिका भाग जास्त स्टेन पितो आणि गडदपेक्षा गडद होतो, फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं. चन्नपटणाच्या खेळण्यांसारखी फिरत्या कामावर रंगीत लाख लावायचा मोह होतो सगळ्यांना, पण तिथे वापरतात ते हाले नावाचं लाकूड, आपल्याकडचा काळा कुडा, त्याचे रेषे एकसारखे बारीक. पाईनवर लाख पट्ट्यापट्ट्याने बसते.

काय बनवू? लाटणं? भोवरा?

लाटणं नको, महिन्याभरात खड्डे पडतात आणि पॅलेटचं लाकूड पिठाला लावायचंच नाही. भोवरापण नको, आर ठोकताना चिरतो, आणि नाही चिरला तरी हलका असल्यामुळे फिरत नाही. दिव्याचा बेस, मेणबत्तीचं स्टँड, पडद्याच्या रॉडची टोकं, सुकलेल्या फुलांसाठी फुलदाणी, मखराचे खांब हे मस्त होतं. गणपतीच्या आधी मखराच्या खांबांची मागणी असते, आणि पाईन हलकं असल्यामुळे दोन माणसांत मखर उचलता येतं. आकार मोठे, सावकाश वळणारे ठेवा. बारीक मणी आणि धारदार कडा काढल्या की कपच्या उडतात. भिंत ८-१० मिलिमीटरपेक्षा पातळ करू नका.

जुन्या दरवाजाला ऑइलपेंट आहे. लेथवरच उडवला तर चालेल?

नाही, हे मात्र सिरियसली घ्या. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि लेथवर त्याची धूळ होऊन तुमच्या आणि मुलांच्या पोटात जाते. हीटगननेही जाळू नका. रंगाची बाजू करवतीने जाड कापून वेगळी करा, नाहीतर तो दरवाजा सोडून द्या.

भोकं दिसतायत, कीड असेल का?

तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून दोन दिवस बघा. खाली ताजी पूड पडली तर जिवंत आहे, घरात आणू नका, घरातल्या फर्निचरला लागेल. पूड नाही पडली तर स्क्रूड्रायव्हरने टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय, आवाज करून अडला तर वापरा. वाळवीची माती दिसली तर विषय संपला.

ग्लव्हज, मास्क?

मास्क हो, एन-९५. लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे आणि पाईनच्या राळेने काहींना शिंका-खाज लगेच सुरू होते. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड. ग्लव्हज नाही, कधीच नाही, लेथ ते ओढून घेतो आणि सोबत हात. ओढणी, गळ्यातली चेन, लांब बाही, मोकळे केस, सगळं तसंच.

ढलप्यांचं काय करू? पोतीच्या पोती भरतात.

शिक्का एचटी असेल आणि रंग नसेल तर सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्यात द्या, ओल्या कचऱ्यावर सुकं काहीतरी घालायला ते लोक शोधतच असतात. रंगाच्या आणि संशयाच्या लाकडाच्या ढलप्या सुक्या कचऱ्यात वेगळ्या बांधून. आणि अळशीचं तेल लावून पुसलेली फडकी ह्या पोत्यात चुकूनही टाकू नका, गोळा करून ठेवलेली तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेतात. ती पसरून बाहेर वाळवायची, कडक झाली की मगच कचऱ्यात.